बसायची जागा

बाबा उभ्याने जेवायला लागले, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरात्राची तिसरी की चौथी माळ असेल. आमचं घर वरसेला, रोह्याला अगदी लागून. बाबा धाटावच्या एमआयडीसीत फिटर. सेकंड शिफ्ट संपवून रात्री घरी आले की हातपाय धुऊन खाली मांडी घालून जेवायचे, हा आमच्या घरचा नेम. त्या रात्री त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं आणि उभ्याउभ्याच भात कालवायला घेतला. आई म्हणाली, "अहो, बसा की." तर म्हणाले, "दिवसभर बसूनच तर असतो." फिटर माणूस दिवसभर बसून कसा असेल, हा प्रश्न मला पडला नाही. मी मोबाइलमध्ये होते.

मग स्कूटर. दोन दिवसांनी बघितलं तर सीटवर एका बाजूला कलून बसले होते, एक कुल्ला सीटवर, दुसरा हवेत. गल्लीच्या तोंडाशी खड्डा आला तेव्हा सर्कशीतल्यासारखे उभेच राहिले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "उसण भरली काय?" बाबा म्हणाले, "हां, थोडीशी." झालं. पुढचा आठवडाभर आमच्याकडे 'उसण' होती. आई रोज रात्री त्यांच्या कमरेला तेल चोळून द्यायची. दुखत होतं तिथून वीतभर वर.

शरीराच्या त्या भागाला आमच्याकडे शब्दच नाही. म्हणजे आहेत, पण एक शिवीत जातो, एक लहान मुलांना आंघोळ घालताना चालतो, आणि 'गुदद्वार' फक्त पाठ्यपुस्तकात छापलेला असतो. तो कुणी तोंडाने उच्चारलेला मी बारावीच्या बायोलॉजीच्या तासालाही ऐकला नाही. सरांनी आकृतीतल्या बाणावर बोट ठेवलं आणि पुढे गेले. घरात 'खाली', 'मागे', 'तिकडे', आणि फारच नाइलाज झाला तर 'बसायच्या जागी'. आणि बसायच्या जागी काहीही झालं तरी त्याचं एकच नाव, मूळव्याध. चीर पडली, मूळव्याध. गळू झालं, मूळव्याध. रक्त गेलं, मूळव्याध. एवढा सगळा आजार एका शब्दात कोंबला, की त्याच्यावरचं औषधही एकाच ट्यूबमध्ये मावतं.

ती ट्यूब मला नंतर त्यांच्या शर्टाच्या खिशात सापडली. एसटी स्टँडच्या आसपास, पुलाच्या खांबांवर, लोकलच्या डब्यात लागतात तसल्याच एका बोर्डाखाली ते कुणालाही न सांगता जाऊन आले होते. 'मूळव्याध, भगंदर, फिशर. बिना ऑपरेशन खात्रीशीर इलाज.' त्या माणसाने खुर्चीत बसूनच ऐकून घेतलं, एक इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, ट्यूब दिली. तपासलं नाही. "पँट काढायला लावली नाही, म्हणून मला तो बरा वाटला," असं बाबा पुढे कधीतरी म्हणाले. या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महाग वाक्य हेच.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी रोह्याला धावीर महाराजांची पालखी निघते. पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेलेली माणसं त्या दिवसासाठी परत येतात. बाबांनी पालखी कधी चुकवली नव्हती, त्या वर्षीही चुकवली नाही. घामाने डबडबले होते आणि थोडे फेंगडे चालत होते. मी त्यांचा फोटोही काढलाय. अजून आहे फोनमध्ये. हसतायत.

त्या रात्री त्यांना थंडी वाजून ताप आला. दोन गोधड्या घातल्या तरी कुडकुडणं थांबेना. खोलीत वास होता, गोडूस, कुजका. उंदीर मेलाय असं समजून मी कपाटामागे शोधत होते. तेवढ्यात आईने त्यांना कुशीवर वळवलं, लेंगा खाली केला आणि मोबाइलचा टॉर्च लावला. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "बाय, कपडे घाल. निघायचंय." मी वाकून बघितलं. सूज मांडीपर्यंत आली होती, आणि मधोमध रुपयाएवढा काळा डाग होता. जखमेसारखा नव्हता. वांगं भाजल्यावर साल होते तसा.

सरकारी दवाखान्यात रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होत्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. बाबा एकशे तीन तापात, अर्धवट शुद्धीत, आणि तरीही म्हणाले, "लेडीज डॉक्टर नको." त्या म्हणाल्या, "काका, मी रोज बघते. तुमचं काही वेगळं नाही." हातमोजे घातले, सुजेच्या कडेला दाबलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. दाबल्यावर कातडीखाली कुरकुर लागत होती, थर्माकोल दाबल्यासारखी. ते आतले जंतू वायू तयार करतात त्याचे बुडबुडे असतात, हे मला नंतर कळलं. बोटातून थेंब काढून साखर बघितली, ४१२. बाबांना मधुमेह आहे हे त्या क्षणी आम्हाला, आणि त्यांनाही, पहिल्यांदा कळलं.

त्यांनी सलाईन लावलं, अँटिबायोटिक सोडलं, इन्सुलिन दिलं, आणि स्वतःच १०८ ला फोन केला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "याला फोर्निए गँगरीन म्हणतात. आज रात्रीच ऑपरेशन लागेल, आणि ते इथे होण्यातलं नाही. सकाळपर्यंत थांबू नका."

रोह्याहून पनवेलकडे जायचं म्हणजे आधी भिसे खिंड, मग नागोठणे, वडखळ, पेण. मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं, मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. या रस्त्यावर विनोद करायची आम्हा रायगडकरांना सवय आहे. त्या रात्री प्रत्येक खड्ड्याला स्ट्रेचरवरून एक आवाज यायचा, आणि मी आयुष्यात पुन्हा त्या रस्त्यावर विनोद केलेला नाही.

नवी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात पहाटे पावणेचारला मी संमतीपत्रावर सही केली. सर्जरीच्या निवासी डॉक्टरने एक्स-रेच्या पाकिटामागे पेनाने चित्र काढून समजावलं. त्याचं वाक्य न वाक्य मला आठवतंय, कारण पहिल्यांदाच कुणीतरी त्या जागेबद्दल सरळ बोलत होतं.

तो म्हणाला, गुदद्वाराच्या आत बारीक ग्रंथी असतात. एखादीचं तोंड बुजतं, आत जंतू अडकतात, पू होतो. पू वाट काढत बाहेरच्या कातडीकडे येतो. ते गळू. त्या वेळी चीर देऊन पू काढला, की काम बहुतेक संपतं. काहींना पुढे भगंदर राहतो, म्हणजे आतून बाहेर एक बोगदा. पण तो सावकाश बघता येतो. गळू मात्र गोळ्यांनी बरं करत बसायचं नाही. पू असेल तिथे त्याला वाट करून द्यायची, हा सर्जरीतला सगळ्यात जुना नियम. आणि साखर वाढलेली असली, की जंतू कातडीखालच्या थरांतून पसरत जातात. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बुजतात, मांस मरतं. मेलेल्या मांसात रक्त पोचत नाही, म्हणजे अँटिबायोटिकही पोचत नाही. म्हणून मेलेलं सगळं कापून काढायचं, जिवंत, रक्त येणारं मांस लागेपर्यंत. एकदा कापून भागत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं.

"अंडकोशाच्या कातडीपर्यंत गेलंय," तो म्हणाला आणि क्षणभर थांबला. माझ्याबरोबर कुणी पुरुष आहे का, ते बघत असावा. कुणी नव्हतं. घरात आम्ही तिघंच. "बोला," मी म्हटलं. "कातडी जाईल. अंडकोशांना रक्त वेगळ्या वाटेने येतं, ते बहुतेक वाचतात." मग त्याने मी न विचारलेलं सांगितलं. या आजारात १०० पैकी २० ते ४० माणसं जातात.

पॅरिसच्या ज्याँ आल्फ्रेद फोर्निए नावाच्या डॉक्टराने १८८३ साली पाच पुरुषांच्या आजाराचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. ते मी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून वाचलं. पाचही धडधाकट, अचानक झालेलं. आज बहुतेकांत काहीतरी कारण सापडतं, आणि त्यात मधुमेह सगळ्यात वर. सुश्रुताने ज्या आठ व्याधींना बरं करायला महाकठीण म्हटलं, त्यात अर्श आहे, भगंदर आहे आणि प्रमेहही आहे. आपण ज्याला मधुमेह म्हणतो तो प्रमेहातलाच एक. एकाच यादीत. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे शेजारीशेजारी लिहून ठेवलंय, आणि आमच्याकडे साखर तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सुश्रुताचं नाव काढलंच आहे तर एक सांगते, कारण हे सगळं वाचून कुणी आयुर्वेदावर घसरेल. भगंदरासाठी क्षारसूत्र नावाचा उपचार आहे. औषधाचे लेप दिलेला दोरा त्या बोगद्यातून ओवायचा आणि काही दिवसांनी बदलत राहायचा, तो हळूहळू कापत आणि भरत जातो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याची शस्त्रक्रियेशी रीतसर तुलना केली होती. १९९१ साली ती प्रसिद्ध झाली. दोऱ्याने भरायला वेळ जास्त लागला, साधारण आठ आठवडे, शस्त्रक्रियेत चार. पण वर्षभरात पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण दोऱ्यात ४ टक्के आणि शस्त्रक्रियेत ११ टक्के निघालं. तेव्हा भांडण पॅथीशी नाही. आधी बघायला तर हवं. बोर्डाखालच्या त्या माणसाने बघितलंच नव्हतं.

बाबांची तीन ऑपरेशनं झाली. दुसऱ्याच्या वेळी पोटावर डाव्या बाजूला आतड्याचं तोंड काढलं, कोलोस्टॉमी. जखम शौचाच्या वाटेलाच होती, ती स्वच्छ राहावी म्हणून शौचाची वाटच काही महिने वळवायची. बाबा शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी पोटाला लावलेली पिशवी बघितली आणि तोंड भिंतीकडे केलं. तीन दिवस ते भिंतीशीच बोलले.

पिशवी बदलायला सिस्टर आईला शिकवणार होत्या. आईने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तिला उमळून आलं. मग मी पुढे झाले. "बाय, तू नको," बाबा म्हणाले. "तू बाहेर जा." वॉर्डबॉयमामांना हाक मारायला लागले. मी मामांना म्हटलं, तुम्ही घरी येणार आहात का? मामा हसून निघून गेले.

आतड्याचं तोंड लालभडक आणि ओलसर असतं, ओठाच्या आतल्या बाजूसारखं. हात लावला तर आपल्याला वाटतं, किती दुखत असेल. त्याला काहीच कळत नाही, तिथे दुखण्याची जाणीव नसते. सिस्टरने हे सांगितलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. मग त्याच्या मापाने पिशवीच्या चकतीला भोक कापायचं, फार मोठं नाही, नाहीतर आजूबाजूची कातडी भाजते. कोमट पाण्याने पुसायचं, पूर्ण कोरडं करायचं, चकती चिकटवून हाताने ऊब देत एक मिनिट दाबून धरायचं. ते एक मिनिट सगळ्यात लांब. माझा तळवा बाबांच्या पोटावर आणि आम्ही दोघं दोन दिशांना बघतोय. लहानपणी माझं पोट दुखलं की ते तसाच हात ठेवायचे. मी हे त्यांना म्हटलं नाही. म्हटलं असतं तर रडले असते, आणि पिशवी सुटली असती.

शेजारच्या खाटेवर माणगावकडचा एक मुलगा होता, तिशीच्या आतला. वर्षभर रक्त जात होतं. त्याचीही 'मूळव्याध'. तो मात्र दोन-तीन शिकलेल्या डॉक्टरांकडे गेला होता. त्यांनी औषधं लिहून दिली, हातमोजा घालून बोटाने तपासलं कुणीच नाही. गुदाशयात खाली असलेली गाठ बरेचदा त्या एका बोटाला लागते. त्याची गाठ कॅन्सरची निघाली. आधी रेडिएशन आणि केमो, मग ऑपरेशन. गाठ अगदी तोंडाशी असल्याने गुदद्वार ठेवता आलं नाही, त्याची पिशवी कायमची. एकदा त्याने मला हळूच विचारलं, "ताई, ही लावून बाइक चालवता येते का?" मी रात्रभर शोधलं. येते. पोहताही येतं. मुंबईत टाटा मेमोरिअलला यासाठी वेगळं स्टोमा क्लिनिक आहे, पिशवीवाल्या लोकांची ऑस्टॉमी असोसिएशन आहे. सकाळी सांगितलं तर म्हणाला, "मग ठीकय. होंडा विकायला नको."

बाबांचं भिंतीकडे बघणं सुटलं ते वेगळ्याच माणसामुळे. माझ्या फोनवर 'सत्याचे प्रयोग' होतं, परीक्षेसाठी घेतलेलं. रात्री झोप येत नव्हती म्हणून चाळत होते. १९१८ मध्ये गांधीजींना जबरदस्त आमांश झाला होता. हवापालटासाठी मित्रांनी त्यांना माथेरानला पाठवलं. तिथलं पाणी जड, आणि आमांशाने गुदद्वाराला चिरा पडलेल्या. शौचाला जाताना इतक्या वेदना व्हायच्या की जेवणाची धास्ती बसली. आठवड्याच्या आतच माथेरान सोडून ते पळाले. गांधीजींनी हे स्वतः लिहिलंय. आडवळण न घेता, दुखणं कुठे होतं ते सांगून.

मी बाबांना वाचून दाखवलं. आधी ऐकत नसल्यासारखे पडून होते. मग मान वळवली. "माथेरान म्हणजे आपलंच की."

"हो. तेव्हा कुलाबा जिल्हा."

"मग?"

मग शंकरलाल बँकरांनी डॉ. दलालांना बोलावलं. दलाल म्हणाले, दूध घेतल्याशिवाय अंगात ताकद येणार नाही. गांधीजींचं व्रत, दूध घ्यायचं नाही. कस्तुरबा खाटेशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी सुचवलं, शेळीचं चालेल ना? व्रत घेताना डोळ्यांसमोर गाय आणि म्हैसच होती. गांधीजींनी ते मान्य केलं, आणि आपण शब्द पाळला पण त्याचा आत्मा सोडला, ही टोचणी त्यांना राहिली. दूध सुरू झाल्यावर दलालांनी चिरांवर शस्त्रक्रिया केली, ती यशस्वी झाली. हे १९१९ च्या सुरुवातीचं. एप्रिलमध्ये रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ झाला. इतिहासाच्या पुस्तकात हरताळ आहे, चिरा नाहीत.

चिरा आणि गँगरीन यांची बरोबरी नाही, हे मला कळत होतं. बाबांनाही. पण ते बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "एवढा मोठा माणूस. आणि हे छापलं?"

"शंभर वर्षं लोक वाचतायत."

"आणि बायको खाटेशी उभी होती."

"हो."

आई बाकावर पेंगत होती. तिच्याकडे बघत म्हणाले, "मी हिच्याकडून कमरेला तेल लावून घेत होतो." दुसऱ्या दिवशी पिशवी बदलताना त्यांनी पहिल्यांदा खाली बघितलं. आणि चारेक दिवसांनी म्हणाले, "कात्री इकडे दे. तू भोक वाकडं कापतेस." फिटरच ते. त्यांनी कापलेलं भोक एका मिलिमीटरनेही चुकत नसे.

४१ दिवसांनी घरी आलो. मांडीची कातडी काढून जखमेवर लावली होती. रोज ड्रेसिंग, पुढे कोमट पाण्याच्या टबात बसणं, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. उपचाराचा बराचसा खर्च सरकारी योजनेतून निघाला. पिशव्यांचा आमचा, त्या मेडिकलवाला पनवेलहून मागवून द्यायचा. पाच महिन्यांनी आतडं पुन्हा आत जोडलं. त्यानंतर पहिल्यांदा नेहमीच्या वाटेने शौचाला झालं तेव्हा बाबांनी बाथरूममधूनच ओरडून सांगितलं, आणि आईने देवापुढे साखर ठेवली. साखरच का, म्हणून मी तिला चिडवलं. मग तिने ती मुंग्यांना घातली.

गळू झालं तेव्हाच कापलं असतं तर फार तर दोन दिवस रजा पडली असती. मी हा हिशेब बाबांना कधी सांगितला नाही. त्यांनीच एकदा मांडून दाखवला, दिवस, पैसे, किलो. वजन १९ किलो उतरलं होतं. माझी सही आणि पावणेचारची वेळ त्यांच्या हिशेबात नव्हती. तिथे ते बेशुद्ध होते.

आता ते खाली मांडी घालून जेवतात. एका बाजूला किंचित कलतात, ते राहीलच असं डॉक्टर म्हणाले. कंपनीत सगळ्यांना कळलंय, कारण त्यांनी कॅन्टीनमध्ये स्वतःच सांगितलं, शब्द न बदलता. पहिल्यांदा लोक हसले. मग एकेकटे येऊन विचारायला लागले.

मागच्या महिन्यात संध्याकाळी गल्लीतले एक काका वीजबिलाचं काहीतरी विचारायला आले. आईने खुर्ची दिली. काका खुर्चीच्या कडेवर टेकले, एका कुल्ल्यावर. बाबा मोबाइलवर बातम्या बघत होते. त्यांनी फोन खाली ठेवला.

"किती दिवस झाले?"

"कसले?"

"बसता येत नाही त्याला."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी उठायला लागले, तर बाबा म्हणाले, "बस गं बाय. आणि तो साखर बघायचा डबा आण आतून."